अर्धा क्राउन आणि ६६० फुटांची विहीर: डेव्हिड डेव्हिसचं प्रकरण

१८६६ साल नुकतंच लागलंय. दक्षिण वेल्समधल्या ऱ्हॉन्डा खोऱ्यात, डोंगराच्या कुशीत, दोन गोल विहिरी खणणं चालू आहे. एक पार्क नावाच्या जागी, दुसरी मेंडीला. विहिरी म्हणायच्या, पण पाण्यासाठी नाहीत. पाणी लागलं तर उलट डोक्याला ताप, कारण ते उपसल्याशिवाय खाली जाता येत नाही. हवाय तो कोळसा. पंधरा महिने झाले, दगडामागून दगड वर येतोय आणि पैसा खाली जातोय.

मालकाचं नाव डेव्हिड डेव्हिस. वय ४७. एके दिवशी तो कामगारांना गोळा करतो आणि सांगून टाकतो की पैसे संपले, ही मजुरी दिली की पुढची द्यायला माझ्याकडे काही नाही. खिशात हात घालून एक नाणं काढतो. अर्धा क्राउन, म्हणजे अडीच शिलिंग. अशी आठ नाणी मिळून एक पौंड. "एवढंच उरलंय." गर्दीतून कोणीतरी ओरडतं, "मग तेही टाका इकडं!" डेव्हिस ते नाणं गर्दीत फेकतो. माणसं हसतात, एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, आणखी एक आठवडा खणू, मजुरी नको. त्या आठवड्याच्या शेवटी, मार्च महिन्यात, सुमारे ६६० फुटांवर कोळशाचा थर लागतो. साधासुधा नाही, जगातल्या उत्तम कोळशांपैकी एक.

वेल्समध्ये ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. आणि गोष्ट इतकी छान आहे की तिच्यापुढे बाकीचा माणूस झाकला जातो. आपल्याकडे बोअर मारणाऱ्या शेतकऱ्याच्या अशाच गोष्टी असतात: तीनशे फुटांवर हात टेकले होते, मशीनवाला म्हणाला अजून वीस फूट बघू, आणि फवारा उडाला. ज्यांच्या बोअरला पाणी लागलं नाही, त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही. म्हणून डेव्हिसचं प्रकरण तपासताना मी त्या नाण्यापासून थोडा लांब जाऊन उभा राहणार आहे. हा माणूस त्या विहिरीच्या काठापर्यंत आला कसा, तिथे तो आंधळा जुगार खेळत होता का, आणि कोळसा लागल्यावर त्याने काय केलं, हे तीन प्रश्न मला त्या नाण्यापेक्षा महत्त्वाचे वाटतात.

करवतीचं वरचं टोक

जन्म १८ डिसेंबर १८१८. गाव लॅनडिनम, मध्य वेल्समध्ये सेव्हर्न नदीकाठी. डोंगरउतारावरची लहानशी शेती, नऊ भावंडं, हा सगळ्यांत मोठा. अकराव्या वर्षी शाळा सुटली ती कायमची. वडील शेतीच्या जोडीला लाकूड कापायचे, पोरगा त्यांच्याबरोबर करवतीला लागला.

त्या काळी ओंडक्याच्या फळ्या पाडायच्या म्हणजे जमिनीत खड्डा खणायचा, ओंडका त्यावर आडवा ठेवायचा, आणि उभी लांब करवत दोघांनी चालवायची. एक जण ओंडक्यावर उभा, दुसरा खाली खड्ड्यात. खालच्याच्या डोळ्यातोंडात दिवसभर भुसा. वरचा रेघेवर नजर ठेवून करवतीला दिशा देतो. फळी सरळ निघाली की वाकडी, हे त्याच्यावर. या वरच्या माणसाला इंग्रजीत ‘टॉप सॉयर’ म्हणत. डेव्हिसला हेच टोपणनाव चिकटलं आणि मरेपर्यंत राहिलं. पुढे लक्षाधीश झाल्यावरही ते त्याला लागलं नाही, उलट मिरवायचा.

या काळातली एक गोष्ट सांगतात. ओकचं एक उभं झाड त्याने ५ पौंडांना घेतलं आणि कापून ८० पौंडांना विकलं. आकड्यांवर थोडं मीठ पडलं असेल, पण गोष्टीतला मुद्दा खरा आहे. उभं झाड विकत घेणं हा अंदाजाचा धंदा. आत पोकळ आहे की भरीव, किती घनफूट निघेल, गाठी किती, हे साल सोलायच्या आधी सांगता आलं पाहिजे. आपल्याकडचे लाकडाचे व्यापारी आजही झाडाभोवती दोन फेऱ्या मारून, बुंध्यावर थाप मारून बोली लावतात. डेव्हिसची सगळी शाळा ही. न दिसणाऱ्या मालाची किंमत बाहेरून ठरवायची आणि मग बोलीला टिकून राहायचं.

१८४६ मध्ये गावातच संधी आली. टॉमस पेन्सन हे जिल्ह्याचे सर्वेक्षक सेव्हर्नवर लोखंडी पूल बांधत होते. पुलाचा पाया आणि दोन्ही बाजूंच्या चढांचा भराव हे काम त्यांनी या करवत्याला दिलं. पूल पेन्सनच्या नावावर गेला, पण डेव्हिसला आयुष्यातलं पहिलं कंत्राट मिळालं. पूल आजही आहे. मातीचा भराव, दगडाची भिंत, वेळेत काम आणि पदरात नफा, एवढं त्याला त्यातून कळलं. आणि नेमक्या त्याच वर्षांत ब्रिटनला रेल्वेचं वेड लागलं होतं.

दगडातली वाट

रेल्वेच्या कंत्राटदारीची सगळी यादी देत नाही. लॅनिडलोस ते न्यूटाउन, व्हेल ऑफ क्लुइड, पेम्ब्रोक ते टेन्बी, शिवाय अबेरिस्टविथकडे जाणारे मार्ग. मध्य आणि पश्चिम वेल्सच्या नकाशावर त्या काळात जी रेघ ओढली गेली तिच्यात बहुतेक वेळा डेव्हिसचा हात सापडतो. सुरुवातीला बरोबर भागीदार होता, टॉमस सॅव्हिन. कापडाच्या दुकानातून रेल्वेत आलेला, गोड बोलणारा, मोठी स्वप्नं बघणारा. हा सॅव्हिन लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

१८६० मध्ये दोघे वेगळे झाले. सॅव्हिनला रेल्वे बांधून थांबायचं नव्हतं. ती भाड्याने घेऊन चालवायची होती, किनाऱ्यावर हॉटेलं उभारायची होती, प्रवाशांचे लोंढे आणायचे होते. कंत्राटाचा पैसा तो रोखीपेक्षा कंपन्यांच्या कागदांत घेत सुटला. डेव्हिस मात्र काम करा, मोजा, पैसे घ्या, पुढच्या कामाला लागा, या जातीचा.

त्याच्या हातची सगळ्यांत अवघड जागा तालेर्दिगची. न्यूटाउन ते मखन्थलेथ या मार्गावर डोंगर आडवा आला. बोगदा न खणता त्याने सरळ खडक चिरला. सुमारे १२० फूट खोल खिंड. त्या वेळी जगात एवढी खोल रेल्वेची खिंड दुसरी नव्हती. तेव्हा डायनामाइट नव्हतं. त्याचं पेटंट १८६७ चं. पहार आणि हातोड्याने भोक पाडायचं, त्यात काळी दारू ठासायची, वात पेटवून पळायचं. खडक फोडता फोडता हाच दगड आपल्याला बुडवणार असं त्याला वाटत होतं, हे त्याने नंतर कबूल केलंय. पण फोडलेला दगड चांगला घडीव निघाला, आणि त्या मार्गावरचे पूल त्याच दगडाचे झाले. विकत घ्यायचा माल खोदकामातच निघाला. १८६३ च्या जानेवारीत मार्ग सुरू झाला आणि डेव्हिसच्या हातात चांगली रोकड आली.

मला विचाराल तर पुढच्या सगळ्या प्रकरणाची किल्ली या खिंडीत आहे. खाणमालक होण्याआधी हा माणूस दहाएक वर्षं खडक फोडत होता. किती माणसं लागतात, एका पाळीत किती फूट खाली जाता येतं, पाणी फुटलं तर काय करायचं, मजुरी एक आठवडा थकली तर काय होतं, हे त्याला पाठ होतं. ऱ्हॉन्डात आलेला डेव्हिस नवशिक्या नव्हता. धंदा नवा होता, काम जुनंच.

परातीचा मध्य

१८६४ मध्ये त्याने क्रॉशे बेली या जुन्या लोखंड-मालकाकडून वरच्या ऱ्हॉन्डातली खनिजं पट्ट्याने घेतली. अशा पट्ट्याचा नियम साधारण असा: निघालेल्या प्रत्येक टनामागे जमीनमालकाला रॉयल्टी, आणि काहीच निघालं नाही तरी ठरलेलं किमान भाडं. म्हणजे खड्डा रिकामा असला तरी मीटर चालूच.

आता तो जुगार होता का? इथे थोडं जमिनीखाली उतरावं लागेल. दक्षिण वेल्सचं कोळसा-क्षेत्र मोठ्या परातीसारखं आहे. कडांना थर जमिनीच्या जवळ येतात, मध्याकडे खोल जातात. उत्तरेच्या कडेला, मर्थर आणि अबेरडेरच्या बाजूला, वाफेच्या इंजिनाला लागणारा कोळसा आधीच निघत होता. ऱ्हॉन्डाच्या अगदी वरच्या टोकाला, ट्रेहर्बर्टला, ब्यूट या बड्या जमीनदार घराण्याच्या विश्वस्तांनी खणून पाहिलं होतं, आणि १८५५ च्या डिसेंबरमध्ये तिथला पहिला कोळसा कार्डिफला रवाना झाला होता. म्हणजे थर खोऱ्यात आहे हे सिद्ध होतं. पार्क आणि मेंडी खोऱ्यात त्याच्या खालच्या अंगाला. थर पुढेही सलग असेल, फक्त जास्त खोल असेल, असा तर्क. किती खोल, हे कोणालाच माहीत नव्हतं. शंभर फुटांची चूक म्हणजे कित्येक महिन्यांची मजुरी.

बुंध्यावर थाप मारून झाडाच्या आतलं ओळखणाऱ्या माणसाला हा प्रकार अनोळखी नसावा. झाड उभं आहे, भरीव असण्याची शक्यता दांडगी आहे, पण खात्री फक्त करवत चालल्यावर. त्याच्या जागी कोळशातला मुरलेला माणूस असता तर कदाचित त्याने आधी उथळ थरांवर पैसा काढला असता. खालच्या ऱ्हॉन्डात वर वर लागणारा घरगुती कोळसा अनेक वर्षं निघत होता. डेव्हिसने ती पायरी गाळली आणि थेट खोल गेला. हा धाडसाचा भाग, आणि थोडा अज्ञानाचाही. कोळशाच्या धंद्यात मुरलेला नव्हता म्हणूनच बहुधा तो पंधरा महिने टिकला.

खणणं कसं होतं ते डोळ्यांसमोर आणा. खाली वर्तुळात उभी राहिलेली माणसं. वरून अंधुक उजेड, अंगावर सतत ठिबकणारं पाणी. भोकं पाडायची, दारू ठासायची, मोठ्या बादलीत बसून वर यायचं. स्फोट. धूर निवेपर्यंत थांबायचं. परत खाली. फुटलेला दगड त्याच बादलीने वर. जसजसं खाली जाल तसतशी बादलीची फेरी लांबते, पाणी वाढतं, दिवसाला उतरणारे फूट कमी होतात. म्हणजे पैसा जेव्हा आटत आला तेव्हाच एक एक फूट सगळ्यांत महाग झालेला.

फेब्रुवारीतली बातमी

त्या नाण्याच्या गोष्टीत सहसा एक संदर्भ सांगितला जात नाही. १८६६ च्या फेब्रुवारीत टॉमस सॅव्हिन बुडाला. रेल्वे, हॉटेलं, चुनखडीच्या खाणी, कर्जं, सगळं एकदम कोसळलं. अबेरिस्टविथला समुद्रासमोर त्याने जे महालासारखं हॉटेल काढलं होतं त्यावर सुमारे ८०,००० पौंड खर्च झाले होते, आणि ते पुरं झालेलं नव्हतं. त्याच वर्षी मे महिन्यात लंडनची ओव्हरएंड गर्नी ही पेढी कोसळली आणि रेल्वेच्या कागदांवर उभे असलेले कंत्राटदार पत्त्यांसारखे आडवे झाले.

या दोन तारखांच्या मध्ये, मार्चमध्ये, डेव्हिसचा कोळसा लागला. दोन-तीन महिने उशीर झाला असता तर? मेनंतर त्याला बाजारात कोणी दमडी दिली असती का, मला शंका आहे. इथे नशीब आहे, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. पण नशीब आलं तेव्हा तो उभा होता, कारण त्याच्या रेल्वेच्या कमाईचा मोठा भाग कागदात अडकलेला नव्हता. खड्ड्यात गेला तो त्याचा आणि खाणीतल्या भागीदारांचा रोख पैसा. दोघेही एकाच शाळेतून निघालेले जुने भागीदार, एकाच हिवाळ्यात दोघांचीही शेवटची पै लागलेली. सॅव्हिन दुसऱ्यांचं देणं लागत होता, डेव्हिस मुख्यतः स्वतःचं.

आणि तो फुकट आठवडा. गोष्टीत ते मालकावरचं प्रेम म्हणून येतं. प्रेम असेलही, डेव्हिस मजुरांत वाढलेला, त्यांची भाषा बोलणारा, त्यांच्याबरोबर घाम गाळणारा मालक होता, आणि त्याच्या हाताखालच्या बऱ्याच जणांनी रेल्वेच्या कामावर त्याच्याबरोबर वर्षं काढली होती. पण खालचा दगड त्याच माणसांच्या हातात होता. खडकाचा रंग बदलतोय का, भोकाचा आवाज बदलतोय का, हे त्यांना वरच्या मालकाआधी कळत असणार. त्यांनीही अंदाज बांधला आणि बोली लावली. एका आठवड्याची मजुरी ही त्या खाणीतली त्यांची गुंतवणूक. शेअर मात्र मिळाले नाहीत. त्यांना मिळालं काम: जोवर खाण आहे तोवर, मुलांना, नातवंडांना. त्या काळात हे कमी नव्हतं. पण हिशोब मांडायचाच तर पूर्ण मांडावा.

ओशन

पुढची वीस वर्षं भराभर सांगतो, कारण यशाचा काळ सगळ्यांचा सारखाच दिसतो. पार्क आणि मेंडीच्या पाठोपाठ डेअर, वेस्टर्न, ईस्टर्न, शेजारच्या खोऱ्यात गारू, मग लेडी विंडसर. १८८७ मध्ये या सगळ्यांची मिळून ओशन कोल कंपनी झाली.

नाव समुद्राचं होतं, कारण गिऱ्हाईक समुद्रावर होतं. ऱ्हॉन्डाचा हा कोळसा कडक, कमी धुराचा, वाफ लवकर धरणारा. युद्धनौकेला धूर म्हणजे शत्रूला दिलेली चिठ्ठी; म्हणून ब्रिटिश नौदलाने वेल्सचा कोळसा पसंत केला आणि ओशनचं नाव त्यांच्या यादीत होतं. व्यापारी आगबोटींना वाटेत कोळसा भरायला जगभर डेपो लागत. त्यांतलं एक मोठं ठिकाण एडन, जे तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. विलायतेहून सुएझमार्गे मुंबईला येणारी बोट एडनला कोळसा भरायची, आणि तो बहुतेक वेल्सहून जहाजांनी आणलेला असे. टिळक-आगरकरांच्या पिढीतली जी मंडळी विलायतेला गेली, त्यांच्या बोटींखाली या खोऱ्यातली आग असण्याची शक्यता बरीच.

या कोळशाने ऱ्हॉन्डाचं काय केलं? १८५१ मध्ये तिथल्या मुख्य परगण्यात हजारभर माणसंही नव्हती, मेंढरं जास्त. १९११ ला दीड लाखांवर लोकसंख्या. खोऱ्याच्या तळाशी जागा नाही म्हणून डोंगरउतारावर रांगेत बांधलेली घरं, दारात रेल्वे, डोक्यावर कोळशाचे ढिगारे. १८७५ च्या मोठ्या टाळेबंदीनंतर दक्षिण वेल्समध्ये मजुरी कोळशाच्या भावाशी बांधली गेली: भाव चढला की मजुरी चढणार, पडला की पडणार. बाजाराचा धोका मालकाबरोबर मजुराच्याही डोक्यावर आला. फरक असा की मालकाजवळ वाईट वर्ष काढायला गंगाजळी होती, मजुराजवळ उधारीचं दुकान. खाणमालकाच्या चरित्रात हे एक ओळीत उरकतात. खोऱ्यात मात्र ते सत्तावीस वर्षं चाललं.

गोदीचं भांडण

माझ्या मते डेव्हिसचं खरं मोठं काम खाण नव्हे, बॅरी.

१८८० च्या सुमाराला ऱ्हॉन्डातून निघणारा कोळसा एका अरुंद बाटलीच्या तोंडातून बाहेर पडत होता. खोऱ्यातून खाली नेणारी टॅफ व्हेल रेल्वे एकच. समुद्राशी कार्डिफची गोदी, ती ब्यूट घराण्याची. भरलेले डबे दिवसच्या दिवस बाजूच्या रुळांवर उभे, जहाजं बाहेर नांगर टाकून वाट बघताहेत, आणि ज्याच्या हाती फाटक त्याच्या हाती दर. साखर कारखान्याबाहेर उसाच्या गाड्यांची रांग पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. ऊस कितीही गोड असो, गव्हाणीत पडेपर्यंत त्याचं वजनच घटत जातं.

डेव्हिस, आर्चिबाल्ड हूड आणि इतर खाणमालकांनी ठरवलं की आपली वेगळी गोदी बांधायची, आणि तिथवर वेगळी रेल्वे न्यायची. जागा निवडली कार्डिफच्या पश्चिमेला बॅरीची, जिथे एक बेट, चिखल आणि मोजकी घरं होती. त्यासाठी संसदेचा कायदा हवा. १८८३ चं विधेयक लॉर्डांच्या सभागृहात फेटाळलं गेलं. ब्यूट आणि टॅफ व्हेलच्या वकिलांचं म्हणणं सोपं होतं: इतका कोळसा आहे कुठे? डेव्हिसचं समितीपुढचं उत्तर त्याच्या थाटाचं होतं. आमच्याकडे पन्नास लाख टन आहे, आणि आम्ही चांगली दणदणीत गोदी भरून दाखवू, असं त्याने वकिलांच्या तोंडावर सांगितलं. पोरवयापासून बोली लावत आलेल्या माणसाचं हे बोलणं.

१८८४ ला परत विधेयक आणलं, या वेळी मंजूर झालं. नोव्हेंबरमध्ये पहिली कुदळ पडली. इथे त्याने केलेली एक गोष्ट मला फार आवडते. कंपनीचा अध्यक्ष तो झाला नाही. बॅरीच्या जमिनीचे मालक लॉर्ड विंडसर अध्यक्ष झाले, करवत्या उपाध्यक्ष. लॉर्डांच्या सभागृहात लढायचं तर दाराशी लॉर्डच उभा पाहिजे, हे त्याला कोणी शिकवलं नसेल. बॅरीची रेल्वे थेट ऱ्हॉन्डाच्या तोंडाशी, ट्रेहॅफडला, जाऊन भिडली, म्हणजे टॅफ व्हेलला वळसा घालून कोळसा समुद्रावर.

१८ जुलै १८८९ ला गोदी उघडली. त्यानंतर एक वर्ष आणि दोन दिवसांनी, २० जुलै १८९० ला, डेव्हिस वारला.

बॅरी त्याच्या अंदाजापेक्षाही मोठी निघाली. १९१३ मध्ये या एका गोदीतून १ कोटी १० लाख टन कोळसा बाहेर पडला, कार्डिफपेक्षाही जास्त, आणि बॅरी जगातलं सर्वांत मोठं कोळसा निर्यात करणारं बंदर ठरलं. लॅनडिनमला पुलाशेजारी त्याचा ब्राँझचा पुतळा आहे, लंडनच्या पिकाडिलीतला इरॉस घडवणाऱ्या आल्फ्रेड गिल्बर्टने केलेला. पुतळ्यातला डेव्हिस हातातला कागद बघतोय. तो बॅरी गोदीचा आराखडा आहे. शेजारचा पूल म्हणजे १८४६ च्या त्याच्या पहिल्या भरावाची जागा. शिल्पकाराने बरोबर ओळखलं होतं: या माणसाचा धंदा अखेरपर्यंत वाट काढण्याचा राहिला. कोळसा त्या वाटेवर लागला.

नऊ मतं आणि एक हॉटेल

तो खासदारही होता, १८७४ पासून. लिबरल पक्षाचा, कडवा चॅपलवाला, म्हणजे सरकारी चर्चपासून वेगळ्या पंथाचा, दारूचा थेंब न घेणारा, रविवार पाळणारा. भाषणांत स्वतःविषयी बोलायची सवय जरा जास्तच. १८८६ मध्ये आयर्लंडच्या स्वराज्यावरून त्याने आपल्या पक्षाचा नेता ग्लॅडस्टनची साथ सोडली, आणि त्या निवडणुकीत अवघ्या नऊ मतांनी पडला.

तो चिडला, आणि चिडल्यावर त्याने जे केलं ते त्याला शोभलं नाही. अबेरिस्टविथच्या कॉलेजचा तो अनेक वर्षं खजिनदार होता, मोठा देणगीदार होता. ही संस्था सामान्य चॅपलवाल्यांच्या पेनीपेनीतून उभी राहिली होती. निवडणुकीनंतर त्याने तिथूनही अंग काढून घेतलं. जिल्ह्याने आपल्याला नाकारलं, मग त्याच जिल्ह्यातलं कॉलेज आपण का सांभाळायचं, असा हिशोब. अकराव्या वर्षी शाळा सुटलेल्या माणसाने कॉलेजवर रुसावं, यात मला राग येण्याऐवजी वाईटच वाटतं.

ते कॉलेज ज्या इमारतीत भरायचं ती कोणती? समुद्रासमोरचं ते अर्धवट राहिलेलं हॉटेल, सॅव्हिनचं. दिवाळखोरीत ते अवघ्या १०,००० पौंडांना विकलं गेलं आणि १८७२ पासून तिथे विद्यार्थी शिकू लागले. म्हणजे डेव्हिस इतकी वर्षं आपल्या जुन्या भागीदाराच्या बुडालेल्या स्वप्नाच्या छपराखाली बसून हिशोबाच्या वह्या तपासत होता.

घराण्याने नंतर ते फेडलं. मुलगा एडवर्ड १८९८ मध्येच गेला. नातू डेव्हिड आणि त्याच्या दोन बहिणी यांच्या देणगीतून १९१९ ला याच कॉलेजात आंतरराष्ट्रीय राजकारणाचं अध्यासन सुरू झालं, जगातलं पहिलं. युद्धात मेलेल्या विद्यार्थ्यांची आठवण म्हणून.

त्या दोन नाती, ग्वेंडोलिन आणि मार्गारेट, कोळशाच्या पैशावर वाढलेल्या, शांत, चॅपलमध्ये जाणाऱ्या, लग्न न केलेल्या. आजोबांसारखीच त्यांनाही उभं झाड ओळखता येत होतं म्हणायचं. ब्रिटनमध्ये फारसं कोणी विचारत नव्हतं तेव्हा त्या मोने, रेनवार, सेझान विकत घेत होत्या. दोघींनी मिळून २६० कलाकृती वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिल्या.

१९१३ हे बॅरीचं विक्रमी वर्ष. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पलीकडच्या खोऱ्यात, सेंघेनिथला, दुसऱ्या एका कंपनीच्या खाणीत स्फोट झाला आणि ४३९ खाणकामगार मेले. आणि त्याच वर्षी ग्वेंडोलिनने रेनवारचं एक मोठं चित्र घेतलं: पॅरिसची एक बाई, हातमोजे चढवत असलेली, पायघोळ गडद निळ्या पोशाखात. चित्र १८७४ चं, आजोबा पहिल्यांदा संसदेत गेले त्या वर्षीचं. ती बाई आता कार्डिफच्या संग्रहालयात असते, टॅफ व्हेलचे कोळशाचे डबे जिथे अडकून पडायचे त्या गोदीपासून मैल-दीड मैलावर.